माईच्या झग्यावरचा चांदीचा दात

मी दात बोलतोय. पण दचकू नका, मी कुणाच्या तोंडातून पडलेला नाही. मी चांदीचा आहे, करंगळीच्या नखाएवढा. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरात, एका लहानशा चर्चमध्ये संत अपोलोनियामाई उभी आहे, तिच्या निळ्या मखमली झग्यावर लाल फितीला मी लटकतो. माझ्या शेजारी चांदीचेच पाय आहेत, डोळे आहेत, काळजं आहेत, एक गायसुद्धा आहे. आम्ही सगळे फेडलेले नवस.

माईच्या हातात चिमटा आहे आणि चिमट्यात एक दात. तिचा छळ करणाऱ्यांनी तिचे सगळे दात पाडले होते, म्हणून दात ठणकला की आमची माणसं दुसऱ्या कुणाकडे न जाता हिच्याकडे येतात. ज्याला जे सोसावं लागलं, त्यालाच त्याची कळ ठाऊक, असा त्यांचा साधा हिशेब.

माझा जन्म शहरातल्या बाजारातला. एका म्हाताऱ्या कारागिरानं चांदीचा पातळ पत्रा साच्यात ठोकून मला घडवलं. त्याच्याकडे दाताचा एकच साचा होता, तो दाढेचा. त्यामुळे माझं रूप दाढेचं आणि मला वाहिलं गेलं ते पुढच्या दातासाठी. माईला यातलं कळतं, ती फरक करत नाही.

काळजांना फार मागणी असे. प्रेमात पडलेले, प्रेमातून उठलेले, सगळे काळीजच मागत. मी मात्र तांबड्या कापडावर नुसता पडून असायचो. मग एके दिवशी हेर्मेलिंदा आली. डोक्यावरून शाल, हातात मेणबत्त्यांची पुडी, आणि चेहऱ्यावर नवस पुरा झाल्याचं ते समाधान. तिनं मला उचललं, पदरानं पुसावं तसं शालीच्या टोकानं पुसलं आणि म्हणाली, "चल बाबा, तुझी वाट बघतायत."

तिची लेक ओदिलिया गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायची. आमच्या गावात बँडशिवाय पान हलत नाही. बारसं, लग्न, मयत, माईचा उत्सव, सगळं बँडच्या सुरावर. हेर्मेलिंदाचा नवरा फिदेन्सियो त्याच बँडमध्ये तूबा हे अजस्र पितळी वाद्य फुंकायचा. त्याचे पुढचे दोन दात कधीच गेले होते, पण त्याचं म्हणणं, तूबाला दात लागत नाहीत, पोट लागतं.

ट्रंपेटला मात्र दात लागतात. ओठ टेकतो तो दातांवरच.

त्या वर्षी एका लग्नाच्या वरातीत, रीतीप्रमाणे, पाहुणे जिवंत टर्की कोंबड्या हातात धरून नाचत होते. एका टर्कीनं जोरात पंख फडफडवला, तो ट्रंपेटला लागला आणि ट्रंपेट ओदिलियाच्या वरच्या दातावर आदळला. पोरगी तशीच वाजवत राहिली. रात्री मात्र उशी दाताखाली धरून रडली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, फिदेन्सियोच्या सांगण्यावरून मेझकाल दारूचा घोट गालात धरून झाला. ठणका काही थांबेना. तेव्हा हेर्मेलिंदा माईपुढे गुडघ्यावर बसली. लेकीचं दुखणं थांबव, तुला चांदीचा दात वाहीन आणि साऱ्या बँडला चॉकलेटची पेज पाजीन.

आणि एका सकाळी दुखणं थांबलं. अगदी दिवा विझावा तसं.

मला केवढ्या थाटात इथे आणलं होतं! पुढे बँड, मागे बाया, मोठ्या मातीच्या रांजणांत मक्याची पेज आणि तिच्यावर चॉकलेटचा फेस. हेर्मेलिंदा प्रत्येकाला सांगत होती, "डॉक्टर नाही, गोळी नाही. माईनं हात फिरवला." लोक मान डोलवत होते, फेस मिशांना लागत होता. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

मग मी इथूनच बघत राहिलो. ओदिलिया दर रविवारी यायची. आधी ती हसताना मान मागे टाकून हसायची. हळूहळू मान खाली गेली, मग तोंडावर हात आला. दात करडा पडत चालला होता, पावसात राहिलेल्या लाकडासारखा. ट्रंपेटचा वरचा सूर लागेना. बँडच्या मास्तरांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग सरावाला तिच्या जागी दुसऱ्याला उभं केलं. त्या वर्षी माईच्या उत्सवाच्या पहाटेचा एकटीनं वाजवायचा सूर तिचा होता. तो हातचा जायची वेळ आली.

हेर्मेलिंदाला दिसत नव्हतं असं नाही. पण ती अडकली होती. नवस फेडून झाला, गाव जेवून झालं, आता डॉक्टरकडे जायचं म्हणजे माईचं काम कच्चं निघालं असं तोंडावर सांगायचं. ते तिच्यानं होईना. गावच्या पतसंस्थेची बाई दातांच्या विम्याचं सांगायला चावडीवर आली होती, तेव्हाही हेर्मेलिंदा म्हणाली होती, "ज्यांची माई जागी आहे त्यांना विमा कशाला?" आणि बायका हसल्या होत्या.

या साऱ्यावर उतारा काढला तो कूका आजीनं. कूका आजी म्हणजे माईचे कपडे बदलणारी, फुलं वाहणारी म्हातारी. एका दुपारी ती माझ्यावरची धूळ झटकत होती आणि ओदिलिया बाकावर हात तोंडाशी धरून बसलेली. आजी खाली उतरली, तिनं पोरीचा हात हळूच खाली घेतला, ओठ वर करून बघितलं. हिरडीवर पुवाची पुळी होती.

तिनं हेर्मेलिंदाला बोलावून घेतलं.

"दुखतं का गं हिला?"

"नाही आजी. माईच्या कृपेनं अजिबात नाही."

"माझ्या पायाच्या बोटाचंही असंच दुखायचं थांबलं होतं. मग ते बोट कापलं."

हेर्मेलिंदाचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, मग माईनं दिलं ते काय होतं? खोटं होतं?

आजीनं माईच्या हातातल्या चिमट्याकडे बोट केलं. "जिचे सगळे दात गेले, तिला तुझ्या पोरीचा एक दात जायला हवाय असं वाटतं तुला? तिनं ठणका थांबवला तो तुला डोकं शांत ठेवून विचार करता यावा म्हणून. आणि तू पेज वाटून झोपी गेलीस."

हेर्मेलिंदानं माझ्याकडे बघितलं. मग मला काढायला तिनं हात वर केला. काम अर्धं झालेलं असताना हा इथे कसा शोभेल, ती म्हणाली. आजीनं अडवलं नाही. "काढ. पण पेटीत टाकू नकोस. बरोबर ने."

अशी माझी यात्रा सुरू झाली, तिच्या चोळीत, रुमालाच्या गाठीत.

शहरात डॉक्टर सेनाइदा म्हणून एक बाई होत्या. त्यांनी दाताचा एक्स-रे काढला, दातावर हलकेच टिचकी मारली आणि सांगितलं की आतली नस मेली आहे, म्हणून दुखत नाही. पण मेलेलं आत सडतंय. दात अजून वाचेल. आता त्या तो उघडून साफ करून औषध भरतील, पण रूट कॅनालचं पक्कं काम आणि वरची टोपी फार लांबवता येणार नाही. लांबलं तर उपटावा लागेल.

"उपटला तर वाजवता येईल?" ओदिलियानं विचारलं. तेवढा एकच प्रश्न तिनं विचारला. आईनं मला तिच्या मुठीत दिलं होतं, मूठ ओली झाली होती.

डॉक्टरबाईंनी खोटं सांगितलं नाही. "पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल, पोरी. आणि तो सूर तोच असेल असं मी म्हणणार नाही."

उपटणं स्वस्त होतं, वाचवणं महाग. म्हणून घरी विम्याची चर्चा सुरू झाली. बाजारात पांढरे बूट घातलेला एक तरुण एका विमा कंपनीची पत्रकं वाटायचा. पत्रकावर एक बाई अशी हसत होती की तिचे दात बघून डोळे दिपावेत. दरमहा अगदी किरकोळ भरायचं. फिदेन्सियो लगेच तयार झाला. ही बाई बघ, तो म्हणाला, ही काय उगीच हसतेय? हेर्मेलिंदानं मात्र त्या तरुणाला समोर बसवून गोड बोलून सगळं वदवून घेतलं. यात दात पांढरे करून मिळतात का? मिळतात. उपटून? तो तर फुकट. आणि ठेवायचा असला तर?

तरुण जरा चाचरला. "ठेवायचा असला तर... ते तुमचं तुम्ही बघायचं, मावशी."

"म्हणजे जाणाऱ्या दातालाच सोबत. राहणाऱ्याला कुणी नाही," हेर्मेलिंदा म्हणाली आणि त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं.

पतसंस्थेच्या विम्याचा हप्ता थोडा जास्त होता, पण त्यात रूट कॅनाल होतं, टोपी होती, वर्षातून एकदा सगळ्या घराची दातसफाई होती. अडचण एकच. आधीपासूनच्या दुखण्यासाठी बरेच महिने थांबावं लागणार होतं, आणि तेवढा वेळ त्या दाताकडे नव्हता. हां, गावातली पुरेशी घरं एकदम विम्यात आली तर थांबण्याची अट माफ होती.

पुरेशी घरं म्हणजे तीच घरं, जिथे तिनं चमत्कार सांगत पेज पाजली होती.

माझ्या आठवणीत हेर्मेलिंदा आहे ती या दिवसांतली. सकाळी दळण झालं की शाल घ्यायची, रुमालाची गाठ चाचपायची आणि निघायची. पहिलंच दार शेजारच्या एउस्तोलियाचं, जिची जीभ गावात सगळ्यांत तिखट. हेर्मेलिंदानं रुमाल सोडला, मला हातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मी चुकले, नस मेली होती, मला चमत्कार वाटला.

एउस्तोलियानं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे आम्ही प्यायलो ती पेज खोट्या चमत्काराची?"

"पेज खरी होती, ताई. दात अर्धाच बरा झाला होता."

"मला वाटलंच होतं, साखर कमी होती."  मग तिनं दार लोटून घेतलं, तोंड उघडून आतल्या बाजूला बोट नेलं. तिथे दाढा नव्हत्याच, नुसती खिंडारं. "गेली सहा वर्षं एका बाजूनं खाते मी. कुणाला सांगितलंय?"

त्यानंतर दारोदार हेच. कुणी टोमणा मारला, कुणी सुरुवातीला दारच उघडलं नाही. पण बसल्यावर जो तो तोंड उघडून दाखवायचा. इतकी वर्षं या गावाच्या लग्नांत नाचलेल्या, हसलेल्या तोंडांत किती काय लपलं होतं! मी चांदीचा असून शहारलो. काही जण विचारत, माझे दात धड आहेत, मी का भरू? अशांना गप्प केलं ते कूका आजीनं. ती म्हणे, दुसऱ्याच्या लग्नात तू टर्की नेतोस ती काय तुझ्या घरी लग्न असतं म्हणून? आज तू नेतोस, उद्या तुझ्या दारी येते. हेही तसंच. फक्त टर्कीनं यात कुणाचा दात पाडायचा नाही.

यावर फिदेन्सियो इतका हसला की त्याच्या दोन दातांची फट साऱ्या गल्लीनं पाहिली.

घरं पुरली. दात वाचला. टोपी बसली तेव्हा ती शेजारच्या दातापेक्षा किंचित पिवळट निघाली. डॉक्टरबाई बदलून देते म्हणाल्या, ओदिलिया नको म्हणाली. तिला घाई होती, ओठ पुन्हा बसवायचा होता.

उत्सवाच्या पहाटे मला नव्या फितीला बांधून माईच्या झग्यावर लावलं. बाहेर अंधार, थंडी, मेणबत्त्यांचा धूर. आणि दाराशी ओदिलियाचा सूर उठला, एकटा, लांब. मध्ये एकदा कापरा झाला, मग सरळ वर गेला. हेर्मेलिंदानं शाल तोंडावर धरली होती. सूर थांबल्यावर ओदिलिया आईकडे बघून हसली. मान मागे टाकून.

आता ते सगळे दिवस लांब राहिले. कूका आजी गेली, फिदेन्सियो गेला. त्याचा तूबा पुतण्या वाजवतो. हेर्मेलिंदा गेली त्याला पुष्कळ उत्सव झाले. शेवटपर्यंत जेवल्यावर चूळ भरल्याखेरीज ती कुणाला उठू द्यायची नाही, आणि रात्री दात घासल्याशिवाय जपमाळ हातात घ्यायची नाही. माईला घाणेरड्या तोंडानं हाक मारू नये, म्हणायची.

ओदिलियाचे केस पांढरे झालेत. ती मुलांचा बँड चालवते. दर वर्षी उत्सवाच्या आधी शहरात जाऊन दातांची सफाई करून येते आणि मग इथे येऊन जुन्या ब्रशनं, चिमूटभर राखेनं मला घासते. माझी नक्षी झिजली आहे, एक मूळ वाकलं आहे. तरी तिच्या हातून निघालो की मी चमकतो.

तुम्ही दूरचे, तुमची माई वेगळी, तुमचे नवस वेगळे. तरी ऐकाल तर एवढंच मागतो. नवस खुशाल करा. पण दुखायचं थांबलं म्हणून तोंड मिटून घेऊ नका. चार घरांनी मिळून आधीच काही बांधून ठेवा, आणि बांधताना विचारा, राहणाऱ्यासाठी यात काय आहे.

काल सराव संपल्यावर एक लहान मुलगी मागे राहिली. हातात क्लॅरिनेट, हसताना तोंडावर हात. माझ्याकडे बोट करून तिनं विचारलं, बाई, हा दात कुणाचा?

 ओदिलिया तिच्यासमोर बाकावर बसली आणि तिनं त्या पोरीचा हात हळूच खाली घेतला.