खरवडलेल्या चेहऱ्याचा फोटो

मी एक फोटो आहे. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. माझ्यात तिघं आहेत: खुर्चीत बसलेली आई, मांडीवर तिची तीन महिन्यांची मुलगी, मागे उभा बाप. आईला चेहरा नाही. पूर्वी होता.

स्टुडिओत फोटोवाला तिला सारखा 'हलू नका' म्हणत होता. फोटोत गंभीर दिसायची माणसांना भारी हौस, पण हिला हसू आवरेना. वर्षभरातच ती तापाने गेली. बापाने दुसरं लग्न केलं आणि मला कपड्यांच्या तळाशी लपवलं. मुलीने विचारलं, की तो म्हणायचा, आईचा फोटो नाही. तो गेल्यावर काकाने कपाट रिकामं केलं आणि मी रद्दीत गेलो.

रद्दीवाल्याकडून मला एका कलाकाराने उचललं. तो परक्यांचे जुने फोटो गोळा करायचा आणि प्रत्येकातला एक चेहरा ब्लेडने खरवडून काढायचा. एक माणूस पुसला, की उरलेली नीट दिसतात, असं त्याचं म्हणणं. सुरुवातीला लोक हसले. मग त्याला बक्षिसं मिळाली, आणि तेच लोक हाताची घडी घालून माना डोलवू लागले. त्याचा एक नियम होता: मूळ फोटोची प्रत ठेवायची नाही.

आईचा चेहरा तो दोन दिवस बघत बसला. तिसऱ्या दिवशी ब्लेड चाललं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी सोसलाय.

प्रदर्शनात एक पन्नाशीची बाई आली. तुझे वडील तिथे भिंतीवर लटकलेत, असं तिला जुन्या शेजारणीने कळवलं होतं. तिने मला उतरवायला लावलं. मागे बापाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'छकुली, तीन महिने'. छकुली म्हणजे तीच.

"मला आईचा चेहरा आठवतच नाही," ती कलाकाराला म्हणाली. "आधीचा फोटो दाखवता का जरा?"

एरवी तो म्हातारा कलाकार तासतास भाषणं द्यायचा. आता 'प्रत नाही' एवढंच पुटपुटला.

ती ओरडली नाही. बाकावर बसली. "मग तिला शेवटचं तुम्हीच पाहिलंत. आठवून काढून द्या."

दर रविवारी ती त्याच्या खोलीत समोर येऊन बसायची आणि तो पेन्सिलीने चेहरा काढायचा. नाक आठवलं, की डोळे निसटायचे. कागद फाडफाडून तो रडकुंडीला आला. पाचव्या रविवारी मात्र त्याने एक चित्र पुढे केलं. तिने ते बराच वेळ पाहिलं.

"अगंबाई, म्हणजे मी आईवरच गेलेय की," ती म्हणाली आणि रडू लागली. त्याने मान खाली घातली.

आईवर नाही गेलेली ती. नाक, कपाळ, हनुवटी, सगळं बापाचं. कलाकाराने समोर बसलेल्या बाईलाच तरुण करून कागदावर उतरवलं होतं, आणि ते त्याला कळलं होतं. पुन्हा त्याने ब्लेड हातात धरलं नाही.

आता मी तिच्या घरी आहे. एकाच चौकटीत पुढे ते चित्र आणि त्याच्या मागे मी. कामावर निघताना ती चित्राला सांगते, "आई, येते गं." मला वाईट वाटतं, कधी रागही येतो. पण तिच्या आवाजात आता असं काही असतं, जे त्या पहिल्या दिवशी नव्हतं.

म्हणून एक विनवणी. तुम्हाला सांगितलं ते तुमच्यापाशीच राहू द्या. तिला सांगू नका.