पोलादी सिलिंडरची कबुली

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात साखळीने बांधलेला जुना पोलादी सिलिंडर म्हणजे मीच. आज मला एक कबुली द्यायची आहे.

कारखान्यात मला घडवलं, पाण्याच्या दाबाने तपासलं, खांद्यावर आकडे ठोकले आणि पोटात कार्बन मोनॉक्साइड भरला. हा वायू विषारी, त्याला ना रंग ना वास. इतकी वर्षं मी तो जराही गळू दिला नाही, याचा मला भारी तोरा होता.

इथली एक संशोधक हा वायू एका धातूशी जोडू पाहत होती. तिला सगळे चिवटबाई म्हणत. या जोडणीत कार्बन मोनॉक्साइड धातूला इलेक्ट्रॉनांची जोडी देतो आणि धातूही आपले थोडे इलेक्ट्रॉन त्याला देतो. दोघांची गट्टी जमते, पण वायूतल्या कार्बनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. मग अवरक्त किरणांनी पदार्थ तपासणाऱ्या यंत्राच्या कागदावर वायूची रेघ जागा सोडून सरकते.

तिसऱ्या वर्षी कागदावर दोन अनोळखी रेघा उमटल्या. नवा पदार्थ सापडला म्हणून तिचे सर हरखले. लेख तयार झाला. तिची पदवी त्याच्यावरच अवलंबून होती.

पण तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने धातू न घालता रिकाम्या बाटलीत नुसता माझा वायू सोडला. रेघा तरीही हजर. मग तिने तो वायू तापलेल्या काचेच्या नळीतून नेला. काचेवर काळपट चकचकीत थर बसला. ते लोखंड होतं, माझ्याच पोटातलं. मी ज्याला कोंडून ठेवलं होतं, त्याने आतल्या आत माझ्या लोखंडाशीच गट्टी केली होती; ते वायूबरोबर वाफ होऊन बाहेर पडत होतं आणि तापलेल्या काचेवर ती गट्टी तुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने ती नळी सरांपुढे ठेवली.

"सर, नवं काही नाही. हे सिलिंडरचं लोखंड आहे."

सरांनी नळी उजेडात धरून पाहिली. "अगं, तीन वर्षं गेली तुझी."

"गेली. पण हा लेख मी पाठवणार नाही. पुन्हा पहिल्यापासून करते."

तिने माझ्या गळ्यात 'वापरू नये' अशी चिठ्ठी बांधली, या वायूशी गट्टी न करणारा नवा ॲल्युमिनियमचा सिलिंडर मागवला आणि त्याच आठवड्यात कामाला लागली.

मित्रांनो, आमच्यावर वायू भरल्याची तारीख लिहीत जा; तो पोलादात जितका जास्त दिवस राहील, तितकं लोखंड त्यात जास्त. आणि कधी अगदी मनासारखं उत्तर मिळालं, तर आधी आम्हा जुन्या, भरवशाच्या मंडळींची झडती घ्या. आम्हाला राग आला तर आम्ही तो गिळू.