पडदा हलेपर्यंत

मी एक जुनी बांबूची काठी आहे, मित्रांनो. लंडनच्या एका छोट्या संग्रहालयात काचेच्या कपाटात आडवी पडून आहे. माझ्याखाली एक पाटी लावली आहे, "खुनाची काठी?" शेवटी प्रश्नचिन्ह आहे. लोक मला पाहायला येतात, पाटी वाचतात, एकमेकांना कोपरखळी मारतात आणि हसतात. मला तोंड लपवावंसं वाटतं, पण काठीला लपवायला तोंड कुठलं?

मी वाढले दूर पूर्वेकडच्या एका बेटावर. जहाजातून थेम्स नदीच्या गोदीत आले. तिथल्या एका गळ बनवणाऱ्या कारागिराने माझी तीन तुकड्यांची लांबलचक काठी केली आणि टोकाला तारेचा आकडा बसवला. मला वाटलं, आता मासे पकडायचे. पण मला विकत घेतलं डोर्कस पेल नावाच्या विधवा बाईने आणि माझ्या नशिबी आल्या खिडक्या.

राणी व्हिक्टोरियाच्या काळातली ही गोष्ट. गरिबाघरी गजराचं घड्याळ नसे. कामावर उशीर झाला की फाटक बंद आणि दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून लोक रात्री दाराबाहेरच्या पाटीवर खडूने वेळ लिहून ठेवत आणि पेलबाई पहाटे वरच्या मजल्याच्या काचेवर माझ्या आकड्याने टकटक करून त्यांना जागं करत. या धंद्याचा एकच नियम होता. नुसतं वाजवून पुढे जायचं नाही. आतून पडदा हलेपर्यंत खिडकीखाली थांबायचं. कारण टकटक ऐकून कूस बदलणारा माणूस काही उठलेला नसतो!

पेलबाई बोलायला फटकळ होत्या, पण कामाला चोख. "माझं गिऱ्हाईक उठल्याशिवाय मी हलत नाही," असं त्या येता-जाता सांगत. मलाही माझ्या उंचीची भारी घमेंड होती. गल्लीतली कुठलीही खिडकी असो, माझं टोक तिथे पोचायचंच. "काय लांब हात आहे हो तुमचा, पेलबाई," असं कुणी म्हटलं की मी आतून फुलून यायचे.

त्या गल्लीत हॉब्डे नावाचा मेणबत्त्यांचा दुकानदार राहायचा. एकटा, तिरसट, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पेलबाईंचं पाचचं गिऱ्हाईक. नोव्हेंबरातल्या एका सकाळी दुकान उघडलं नाही म्हणून लोकांनी वरच्या खोलीचं दार फोडलं. हॉब्डे जमिनीवर मरून पडला होता, कानशिलावर घाव. दाराला आतून कडी, खिडकी मात्र किलकिली. डॉक्टर म्हणाले, रात्री केव्हातरी गेला असेल किंवा पहाटे. नक्की सांगता येत नाही.

गल्लीच्या तोंडाशी 'आंधळा बोका' नावाचा पब होता. मर्सी ड्यूक्स ही त्याची मालकीण. पोलीस शिपाई तिथेच विचारपूस करायला बसला होता. पेलबाई फेरी संपवून चहाला आल्या तर त्याने विचारलं, "पाच वाजता हॉब्डेला उठवलंत ना? उठला होता का?"

"म्हणजे काय?" पेलबाई ठसक्यात म्हणाल्या. "माझं गिऱ्हाईक उठल्याशिवाय मी हलत नाही."

मी त्यांच्या हातातच होते. मला ठाऊक होतं की पडदा हलला नव्हता. त्या दिवशी धुकं दाट होतं, बाईंचा गुडघा ठणकत होता आणि पुढे कातडी कारखान्याची मंडळी खोळंबली होती. एरवीही हॉब्डे पडद्याआडून एक शिवी हासडायचा, झालं. आज शिवीही आली नाही, तरी बाई पुढे निघाल्या. शिपायाला त्या खोटं सांगायला गेल्या नव्हत्या. रोजचं वाक्य सवयीने तोंडातून निघून गेलं. पण शिपायाने ते खरं मानलं आणि ठरलं की हॉब्डे पाचपर्यंत जिवंत होता.

मग पबमध्ये एक खेळच सुरू झाला. खुनी कोण, हे रोज संध्याकाळी सांगायचं. ज्याचा संशयित सगळ्यात अचाट, त्याला मर्सीकडून बिअरचा मग फुकट. पिंपं बांधणारा सायलस ग्रूम यात पटाईत. एकदा म्हणाला, सर्कशीतली दोरावर चालणारी पोरगी छपरावरून आली. एकदा त्याने फुगेवाला काढला, म्हणजे आकाशात फुगा उडवून त्यात बसणारा साहेब. एकदा एका सरदाराला आणलं, का तर म्हणे मेणबत्तीच्या चरबीचा वास त्याला सहन होत नव्हता! कुणीतरी गोदीतल्या लस्कराचं, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या खलाशाचं नाव घेतलं. म्हणे तो मंत्र म्हणून बाहेरून आतली कडी लावतो. ते लस्कर माझ्याच वाटेने जहाजातून आलेले, पहाटे थंडीने काकडताना मी त्यांना पाहिलेलं. मंत्र येत असता तर बिचाऱ्यांनी आधी एखादी घोंगडी नसती का मिळवली? पण तेव्हा मीही कोपऱ्यात उभी राहून मजाच ऐकत होते.

एका संध्याकाळी सायलसला काही सुचेना. दारातून एझ्रा क्युबिट आत येत होता. हा रस्त्यावरचे दिवे लावणारा-विझवणारा माणूस. अबोल, बोलताना अडखळणारा.

"अरे, हा काय आपला एझ्रा," सायलस म्हणाला. "खिडकीला लावायला शिडी कुणाकडे आहे? पाचनंतर गल्लीत कोण असतो?"

सगळे खो खो हसले. एझ्राने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण शब्द फुटेना. हसणं हळूहळू थांबलं. मर्सीने बिअरचा मग सायलसपुढे ठेवला आणि एझ्राला विचारलं, "बोल की रे. गप्प का?"

एझ्रा ती सबंध रात्र, पहाटे कामावर निघेपर्यंत, नदीपलीकडे आजारी भावाच्या उशाशी होता. चार माणसं तसं सांगायला तयार होती. पण त्याचा काय उपयोग? पेलबाईंच्या शब्दाप्रमाणे खून पाचनंतरचा आणि पाचनंतर एझ्रा शिडी घेऊन दिवे विझवत होता. दोन दिवसांत त्याच्या घराच्या काचा फुटल्या. कुणी त्याची शिडी मोडून टाकली. मग पबमध्ये बोलणं निघालं की शिपायाची वाट कशाला बघायची, आपणच त्याला बाहेर ओढून काढू.

माणसं उठून उभी राहिली, तेव्हा पेलबाई दारात आडव्या झाल्या. माझ्या आधाराने उभ्या होत्या.

"पडदा हलला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी थांबलेच नाही. मेलेल्या माणसाच्या खिडकीवर टकटक केली असेल मी. सवयीने बोलून गेले आणि मग लाज वाटून गप्प बसले. एझ्राला हात लावू नका."

मर्सी म्हणाली, "म्हणजे माझ्या खिडकीखाली तरी थांबता की नाही, पेलबाई?"

एझ्रा वाचला. पण लोकांच्या अंगात जे उसळलं होतं ते कुठे जाणार? सायलसने माझ्याकडे बोट दाखवलं. "शिडीच कशाला हवी? ही काठी पोचते की तिथपर्यंत. टकटक केली, तो खिडकीशी आला, दिला एक दणका."

त्यांनी मला बाईंच्या हातातून ओढलं आणि हॉब्डेच्या खिडकीखाली नेलं. सगळी गल्ली जमली. सायलसने मला वर उचललं. आणि मित्रांनो, हे सांगताना मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी पोचले. माझं टोक काचेला लागलं, लोक "आ" करून बघत राहिले, आणि क्षणभर मला अभिमान वाटला. बघा, म्हटलं, केवढी मी उंच! खाली पेलबाईंचा चेहरा पाहिला, तेव्हा कळलं मी काय केलं ते.

पोलिसांनी ती कल्पना हसण्यावारी नेली, गल्लीने नाही. एकेका दाराची पाटी कोरी झाली. पहाटे आम्ही निघायचो आणि कुठेच वेळ लिहिलेली नसायची.

एका पहाटे एका पाटीवर खडूने 'पाच' लिहिलेलं दिसलं. घर एझ्राचं. आता दिवे विझवणारा माणूस पाचच्या कितीतरी आधी उठलेला असतो, त्याला कोण कशाला उठवायचं? त्याच्या खिडकीत दिवाही जळत होता. पेलबाईंनी तरी मला वर केलं आणि हलकेच टकटक केलं. तो आत उभाच असणार, कारण पडदा लगेच हलला. बाई बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या. त्या वारल्या तोपर्यंत ते एकच गिऱ्हाईक त्यांना उरलं होतं.

हॉब्डेला कुणी मारलं ते कधीच कळलं नाही. मला कुणीतरी कोळशाच्या तळघरात फेकून दिलं. तिथे मी वर्षानुवर्षं काळवंडत पडले आणि मग या कपाटात आले. इथेही तोच खेळ चालतो. "सर्कसवाली असेल." "छे, काठीवाली म्हातारीच." मग हसतात आणि खाली चहा प्यायला जातात.

मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला तेलही लावू नका. फक्त एक करा. कुणाचं नाव तोंडातून काढण्याआधी त्याच्या खिडकीखाली थोडा वेळ थांबा. पडदा हलतो का बघा. आणि नाही हलला, तर नाही हलला म्हणून सांगा.