हाकेला जाणारी हुसेनबी

सिकंदर पलटणीतून घरी आला तेव्हा त्याच्या आईला जाऊन अख्खा पावसाळा उलटला होता. ब्रह्मदेशातली लढाई संपली तरी पलटण आज या छावणीत तर उद्या त्या छावणीत हलत राहिली आणि घरचा निरोप काही त्याला गाठू शकला नाही. उंब्रजच्या नाक्यावर सर्व्हिस मोटारीतून उतरून, ट्रंक खांद्यावर टाकून तो गल्लीत शिरला, तर ओट्यावर विधवा बहीण साबेरा एकटीच बसलेली. त्याला बघून ती उठलीसुद्धा नाही. तोंडाला पदर लावून रडायलाच लागली.

त्या दिवसापासून त्याचा पाय घरात ठरेना. जेवायला बसला की अर्ध्या भाकरीवरून उठायचा. कब्रस्तानात जायचा, मातीच्या उंचवट्यापाशी उभा राहायचा आणि तसाच नदीच्या अंगाला चालत सुटायचा. गावात कुठंही गेला तरी आई त्याच्या आधी पोचलेली असायची.

"माझी नाळ तुझ्या आईनंच कापली, गड्या," दुकानदार नाथाजी म्हणायचा. "माझी आन् माझ्या पोरांचीबी."

"आशी बाई पुन्यांदा व्हायची न्हाई," पाटलांच्या आप्पासोंनी डोळे पुसले.

सिकंदर मान डोलवायचा. मनात मात्र म्हणायचा, तुमच्याच पायी गेली ती.

इलाही पिंजाऱ्याची ही बायको, हुसेनबी. नवरा वारल्यावरही सासूकडून शिकलेलं सुईणपण तिनं गावभर केलं. पाटलाचा वाडा असो नाहीतर वेशीबाहेरचं खोपटं, हाक आली की निघाली. पाच वेळची नमाज चुकवायची नाही, गुरुवारी पिराच्या दर्ग्याचं अंगण झाडायचं, आणि मधल्या वेळात दुसऱ्यांची लेकरं जगात आणायची. कुणी म्हणालं, "नमाज हुकली की गं आज," तर हसायची. "नमाज मागनं भरून काढता येती. प्वार थांबत न्हाई, बाई."

सिकंदरला आठवायची ती एक ईद. चुलीवर शीरखुर्मा रटरटत होता, पोरं वाट्या घेऊन बसली होती आणि दारात कुणीतरी धापा टाकत आलं. आई तशीच उठून गेली. दूध करपलं. साऱ्या घरात जळका वास सुटला. तेव्हा तो रडला होता. आता त्याला राग यायचा. मेलेल्या माणसावर कसं रागवायचं ते काही त्याला उमगत नव्हतं.

उन्हाळ्यात नदीपलीकडच्या वस्तीवर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली होती. माणसं घरं टाकून रानात पळाली. हुसेनबी मात्र उलटी तिकडंच गेली आणि तिथल्या राहीबाईच्या आजारी सुनेपाशी बसून राहिली. सून वाचली. हुसेनबी घरी आली ती पोट धरूनच, आणि त्यातच गेली.

इस्लामपूरला एका गूळवाल्याकडं लॉरीवर ड्रायव्हरचं काम ठरत होतं. सिकंदरनं साबेराला सांगून टाकलं, "घराला कुलूप लावायचं आन् माझ्यासंगं यायचं. तवर कुणाच्या बाळंतपणाला जायचं न्हाई. ह्या घरानं लय केलं गावाचं."

साबेरा आईच्या हाताखाली तयार झालेली.

निघायच्या आधी राहीबाईला तोंडावर विचारायचं, असं मात्र त्याच्या मनानं घेतलं होतं. एका सकाळी तो नदी ओलांडून वस्तीवर गेला. राहीबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत होती. त्याला बघताच वेल टाकून उठली.

"काकी," तो उभ्यानंच म्हणाला, "तवा तुमच्या घरची माणसं कुठं हुती?"

राहीबाईनं मान खाली घातली. "रानात. माझा ल्योक मानसिंग लेकराला घिऊन गेला. मी ऱ्हायले, पर सुनंच्या खोलीत पाय टाकायचं धाडस न्हाई झालं, बाबा. उंबऱ्यावर बसून नुसती रडायची."

"म्हून अम्माला बलावलंत."

"देवाशप्पत, मी बलावलं न्हवतं. तीच आली. म्हणली, रडू नगं, पाणी उकळ आन् मीठ आण. रातध्याड पाजत बसली. गोठ्याच्या कोपऱ्यात नमाज पडायची, पुन्यांदा आत जायाची."

सिकंदरनं विचारलं, "माझं नाव काढलं का कवा?"

"काढलं की. हात पसरून लय येळ बसायची. म्या इचारलं, काय मागतीस गं एवढं? म्हणली, माझं लेकरू परमुलखात हाय. आजारी पडलं तर मला काय तिथं जाऊन पाणी पाजता येत न्हाई. हितं हिला पाजत्ये. तिथलं अल्ला बघंल."

दारातून तिची सून, विजयमाला, बाहेर आली. कडेवर पोरगं होतं. ती वाकून त्याच्या पाया पडली. सिकंदर झटक्यानं मागं सरला आणि वळून चालू लागला.

ब्रह्मदेशात तो तापानं फणफणत तंबूत पडला होता. कुणीतरी मान उचलून पाणी पाजलं असणारच, नाहीतर आज तो इथं नसता. तो चेहरा आठवायचा त्यानं वाटभर प्रयत्न केला. आठवला नाही.

घराशी बैलगाडी उभी. ओट्यावर एक तरणा गडी घामेजून बसलेला. डोंगरकडच्या वाडीचा केरबा. हुसेनबी गेल्याचं त्याला इथं आल्यावरच कळलं होतं.

साबेरा दाराआड उभी होती. "भाई, त्याची बायको कालपास्नं आडलीया. तू नगं म्हणलास म्हून मी ह्येला नुसतं पाणी दिऊन बसवलंय."

सिकंदरनं केरबाला विचारलं, "तिकडं पटकी न्हाई न्हवं?"

"न्हाई जी. कवाच गेली."

तो बहिणीकडं वळला. मग म्हणाला, "चल. मीबी येतो."

वाडीवर साबेरा आत गेली आणि तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला. "बसा की भाई," केरबा म्हणाला, पण तो बसला नाही. आतून कण्हणं यायचं, मधेच साबेराचा आवाज यायचा, "दम धर गं. आत्ता जोर लाव." विहिरीपर्यंत जायचा, तिथून पळत माघारी यायचा. दोनदा हाक मारावीशी वाटली, दोनदा गिळली. आई अशा किती दारांच्या आत असायची, आणि आपण बाहेर कधी उभं राहिलोच नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

उन्हं कलली तेव्हा आत लेकरू रडलं. केरबानं दाराकडं धाव घेतली.

साबेरा बाहेर आली. चेहरा पांढरा पडला होता. "पायाळू हुतं, भाई. अम्मा आसती तर कवाच सुटली आसती."

"सुटली न्हवं?"

"सुटली. लेक हाय. दोगीबी बऱ्या हायत."

तांब्या घेऊन त्यानं तिच्या हातावर पाणी घातलं. पाणी घालता घालता त्याला रडू फुटलं. घरी आल्यापासनं पहिल्यांदाच. साबेरानं ओल्या हातानंच त्याचा दंड धरला.

चार दिवसांनी तो इस्लामपूरला गेला, एकटाच. घराला कुलूप लागलं नाही. निघताना बहिणीला म्हणाला, "हाक आली तर जा. पर पाणी उकळल्याबिगर पिऊ नगंस." नाक्यावर मोटार उभीच होती. साबेरा त्याला पोचवायला आली नाही, पहाटेच तिला कुणीतरी बोलवून नेलं होतं. मोटार सुटेपर्यंत सिकंदर खिडकीतून गल्लीच्या तोंडाकडं बघत राहिला.