रमलाची ताटली

मी एक जुनी वाळवंटी मांजर आहे, मित्रांनो. पण भिंतीवर अजून एका उडीत चढते, हे आधीच सांगून ठेवते. माझी जात कुणी हौसेने घडवली नाही. उन्हानेच माझे कान मोठे केले आणि अंगावर आखूड केस ठेवले. लीवा या अरबी मरूद्यानातल्या खजूरबागेत, मौझाआजींच्या कोठारात मी जन्मले. त्यांनी नाव ठेवले रमला, म्हणजे वाळू.

"माझ्या कोठाराला कुलूप कशाला? रमला आहे ना!" असे आजी शेजारणींना सांगत. ते ऐकले की दोन दिवस माझी शेपटी खाली येत नसे.

पुढे आजींचे गुडघे धरले, तेव्हा सोबतीला मी घरात आले आणि तिथेच घोळ झाला. या घरची रीत अशी, की पाहुण्याने कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, रिकामा पेला हलवून दिला तरच पुरे. नाहीतर यजमान ओततच राहणार. मी पडले मांजर, हलवणार कशी? त्यात आमची जात खादाड. ताटली रिकामी दिसली की आजी मासळी वाढत आणि मी खात असे.

"आई, ही मांजर आहे की लोड?" त्यांचा मुलगा खल्फान विचारी.

"गप रे! माझ्या घरातून कुणी अर्धपोटी उठायचं नाही."

एका सकाळी कोठारात उंदीर दिसला. मी झेप घेतली ती थेट खजुराच्या टोपलीत. उंदीर निवांत बघत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि धाप काही थांबेना.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, असंच वाढत राहिलात तर ही उन्हाळा काढायची नाही."

आजींचा चेहरा उतरला. "पण ती कधी पुरे म्हणालीच नाही हो!"

"मग तुम्ही म्हणा."

दुसऱ्या दिवशी मासळीचे दोनच तुकडे आले. ताटली चाटूनपुसून मी आशेने वर पाहिले. आजींचा हात मासळीकडे गेला आणि थांबला. मग त्यांनी माझी रिकामी ताटली उचलून पेल्यासारखी हलवली.

"झालं गं रमला. पुरे म्हणालीस तू." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मी चार दिवस रुसले.

मित्रांनो, तुमच्या मांजरीला सावली द्या, पाणी द्या, लाडही करा. पण तिची ताटली वेळेवर तुम्हीच हलवा.

उन्हाळा सरला, मी सडसडीत झाले. परवा आजी कहवा पीत होत्या. मी एक उंदीर त्यांच्या पायाशी ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. चौथा आणला तेव्हा आजींनी घाईघाईने हातातला पेला माझ्यासमोर हलवला.

"पुरे गं बाई, पोट भरलं!"