कौरीच्या मुळाशी ठेवलेली माती

मी एक दुमडते फावडे आहे. माझे पाते वीतभर, दांडा तीन ठिकाणी मुडपणारा. न्यूझीलंडच्या उत्तरेकडील एका तळ्याच्या वाटेवर जे लाकडी फाटक आहे, त्याच्या खांबाला मी आज टांगलेले असते. येणाऱ्यांच्या बुटांचे तळवे खरवडणे हे माझे काम. हे काम मला कसे मिळाले, ते सांगितल्यावाचून मला स्वस्थता नाही.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. पहिली आठवण आहे ती लष्करी जुन्या सामानाच्या दुकानातील एका टोपलीची. सन २००३ च्या वसंतात गुरुनाथ देशमाने नावाच्या गृहस्थाने मला त्या टोपलीतून उचलले, उघडले, मिटले आणि पुन्हा उघडले. हा मनुष्य मूळचा पुण्याचा. ऑकलंडच्या उत्तरेस अल्बनीत राहून संगणकाचे काम करीत असे. सोबत पत्नी कांचन, इस्पितळात परिचारिका. आणि सहा वर्षांची मुलगी ऋग्वेदा, जी मराठी सगळे समजे आणि उत्तर इंग्रजीत देई.

गुरुनाथला बसवत नसे. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत तंबू, पाण्याचा कॅन, गॅसची शेगडी, भाजणीचा डबा आणि मी, एवढे भरले की तो उत्तरेची वाट धरी. पैसे भरून राहण्याच्या तळांवर तो उतरत नसे. जिथे कुंपण नाही, वीज नाही, नोंदवही नाही, अशी रानातील किंवा तळ्याकाठची फुकट जागा त्याला हवी असे. कागदी नकाशा मांडीवर घेऊन तो खडीच्या रस्त्यांनी फिरे. मिळालेल्या जागेवर पेन्सिलीने फुली मारी, आणि फुली मारलेल्या जागी पुन्हा जात नसे.

"नकाशात तळे निळे आहे," कांचन म्हणे, "इथे तर नुसता चिखल दिसतोय."

"अजून दोन किलोमीटर."

"बाबा, यू सेड दॅट ॲट लंच," मागून ऋग्वेदा म्हणे.

जागा मिळाली की माझे काम सुरू होई. तंबूभोवती चर खणायचा, लांब झाडीत शौचासाठी खड्डा खणायचा आणि निघताना तो बुजवायचा. या कामाची मला कधीच लाज वाटली नाही. आपण केलेली घाण आपण झाकावी, एवढी सभ्यता प्रत्येकाजवळ असावी.

परंतु गुरुनाथने माझ्याकडून आणखी एक काम घेतले.

देश सोडताना त्याच्या वडिलांनी त्याला बजावले होते, "जिथे मुक्काम करशील तिथल्या भूमीला आधी नमस्कार कर. आगंतुकासारखा राहू नकोस." मुलाने हे मनात ठेवले आणि त्यातून स्वतःचा एक आचार घडवला. तळ उठवताना तो माझ्या पात्याने मूठभर माती खणून स्टीलच्या डब्यात घेई. पुढच्या जागी पोचला की सकाळी स्नान करून, पायांच्या स्पर्शाबद्दल भूमीची क्षमा मागणारा श्लोक म्हणून, ती माती तिथल्या सर्वांत मोठ्या झाडाच्या मुळाशी ठेवी आणि वर तांब्याभर पाणी घाली. एका भूमीने दुसरीला भेट द्यावी, असा त्याचा भाव होता. भाव शुद्ध होता. तेवढ्यावर सर्व शुद्ध झाले असे त्याने मानले, आणि मीही मानले.

दसऱ्याला तो माझी पूजा करी. पाटावर वस्त्र, वस्त्रावर मी, माझ्यावर हळदकुंकू आणि एक फूल. माझ्या पात्यावर जागोजागच्या चिखलाची खपली चढलेली असे.

"अहो, पूजेआधी धुऊन तरी घ्या त्याला," कांचन एकदा म्हणाली.

"पुण्यभूमींची माती आहे ती. राहू दे."

"देवाला आंघोळ घालता, आणि याला मात्र तसेच बसवता."

त्याने हसून अक्षता टाकल्या. त्या घरात खरे बोलणारे माणूस होते, ऐकणारे नव्हते.

सन २००५ च्या आरंभी आम्ही पश्चिमेकडच्या एका रानात उतरलो. तेथे कौरीची प्रचंड झाडे होती. चार माणसांच्या कवेत न मावणारे खोड, आणि फांद्या इतक्या उंचावर की मान मागे टाकून पाहावे लागे. त्यांतील एका झाडाची पाने पिवळी पडली होती आणि खोडाच्या तळाशी डिंकाचे ओघळ आले होते. गुरुनाथने तो डिंक थोडा खरवडला आणि निखाऱ्यावर टाकला. सुगंध आला.

"देवघरातल्या धुपासारखा वास आहे," तो म्हणाला. त्याच झाडापासून त्याने माझ्याकडून माती घेतली. झाड रडत होते, हे आम्हा दोघांपैकी कोणालाच कळले नाही.

त्यानंतरच्याच शनिवारी जागा मिळेना. एका रस्त्याला कुलूप, दुसऱ्यावर खासगी जमिनीची पाटी, तिसरा दलदलीत संपलेला. दुपार कलली. दूध घ्यायला कांचन एका गावच्या डेअरीत, म्हणजे इकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली. तेथे पांढऱ्या केसांची, या देशाच्या मूळ माओरी लोकांतली एक बाई पाव घेत होती. कांचनने तिलाच विचारले की, जवळपास तंबू टाकता येईल का.

"किती जागा लागते तुम्हाला?" बाईने विचारले.

"एका तंबूएवढी."

"तेवढी माझ्याजवळ आहे. या मागोमाग."

तिचे नाव हुइया. कांचन तिला पहिल्या दिवसापासून हुइया मावशी म्हणू लागली. तो शब्द तिला आवडला, आणि ती ऋग्वेदाला 'मोको' म्हणजे नात म्हणू लागली. तिच्या कुळाच्या जमिनीत पांढऱ्या वाळूचे एक लहान तळे होते, आणि तळ्यापासून शंभर पावलांवर एकच कौरी उभी होती. हुइया मावशीने मोबदला घेतला नाही. दोन गोष्टी मात्र सांगितल्या.

"फाटक जसे दिसेल तसे ठेवायचे. आणि तो उभा आहे ना, तो आमचा आजोबा. त्याच्या मुळांवर पाय द्यायचा नाही."

गुरुनाथने तिथल्या तिथे हात जोडले. झाडाला आजोबा म्हणणे त्याला समजावून सांगावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने स्नान केले, डबा उघडला, आणि पश्चिमेच्या रानातली ओली माती त्या आजोबाच्या मुळाशी ठेवली. मुळांवर पाय पडू नये म्हणून तो गुडघ्यांवर चालत गेला होता. मुळांवरचा पाचोळा माझ्या पात्याने बाजूला केला होता.

त्या तळ्यावर एक नवल घडले. गुरुनाथ स्वस्थ बसला. दुपारभर तो वाळूत बसून राहिला आणि नकाशा गाडीतच राहिला. परतताना त्याने फुली मारली नाही.

"काय हो, पेन्सिल हरवली का?" कांचनने विचारले.

"इथे परत येऊ."

आम्ही परत गेलो, एकदा नव्हे, अनेकदा. ऋग्वेदा तिथेच पोहायला शिकली. हुइया मावशी तिला पाण्यात उभी करी आणि म्हणे, "घाबरू नकोस, तळे तुला ओळखते." कांचनने तिला थालीपीठ खाऊ घातले, तिने कांचनला राखेत भाजलेली रताळी. गुरुनाथ एकदा तंबूच्या दोऱ्या ताणताना म्हणाला, "परदेश म्हणावासा वाटत नाही हा कोपरा." मधल्या काळात दुसऱ्या रानांत भटकणे चालूच होते, आणि दर वेळी डब्यात नवी माती येई. माझ्या पात्यावरची खपली जाड होत गेली.

सन २००९ च्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा फाटकाजवळ वनखात्याची गाडी उभी होती. एक तरुण अधिकारी बाई हुइया मावशीशी बोलत होती. आजोबाच्या शेंड्याची पाने पिवळी पडली होती. खोडाच्या तळाशी डिंक ओघळला होता.

"मुळे कुजवणारा रोग आहे," ती सांगत होती. "ओल्या मातीतून पसरतो. बुटांना, टायरांना, अवजारांना चिकटून एका रानातून दुसऱ्यात जातो. लागण झाल्यावर दिसायला वर्षे लागतात. औषध अजून हाती नाही."

गुरुनाथने डिंक पाहिला. मग गाडीच्या मागच्या काचेतून माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी त्याने तंबू उतरवलाच नाही. मुलीला बरे नाही, असे हुइया मावशीला सांगून त्याने गाडी वळवली. मुलगी ठणठणीत होती. त्याच्या तोंडून निघालेले इतके उघड खोटे मी प्रथमच ऐकले.

त्यानंतर तीन आठवडे तो कोठे गेला नाही, आणि एका जागी बसलाही नाही. ऑफिसातून येई, गॅरेजमध्ये येई, मला खुंटीवरून काढी, पात्याकडे पाही, पुन्हा टांगी. शेवटी एका रविवारी सकाळी कांचन दारात येऊन उभी राहिली.

"त्यांना सांगायचे की नाही, हेच ना?"

"सांगून झाड बरे होणार आहे का?"

"नाही होणार."

"मग? तळे मात्र सुटेल. ऋग्वेदा कुठे पोहणार? तू तरी मावशी कोणाला म्हणशील? शिवाय ते माझ्यामुळेच, हे कशावरून? रानडुकरे आहेत. बाकीची माणसे आहेत."

"असेल. इस्पितळात आम्ही हात का धुतो? गुन्हा सिद्ध झाला म्हणून धुतो का?" ती दारातून आत आली. "सकाळी देवापुढे बसता तेव्हा तुमचे लक्ष नसते हल्ली. मला दिसते ते."

त्या दिवशी त्याने मला पहिल्यांदा घासले. गरम पाणी, साबण, तारेची घासणी. सहा वर्षांची खपली बादलीत उतरली. ते पाणी त्याने अंगणात ओतले नाही; बादलीत जंतुनाशक घालून झाकून ठेवले. मी उघडे पडले. लोखंडाचा खरा रंग मलाच अनोळखी वाटला.

पुढच्या शनिवारी तिघे निघाले. तंबू घेतला नव्हता. मी होते आणि रिकामा डबा होता.

हुइया मावशी घराच्या ओट्यावर रताळी सोलत बसली होती. गुरुनाथने पायरीशी बूट काढले, मला आणि डब्याला तिच्यासमोर ठेवले आणि उभ्याउभ्याच सर्व सांगितले. पश्चिमेचे रान, पिवळे झाड, डिंक, माती, पाणी, श्लोक. काही वगळले नाही.

सुरी थांबली होती. "किती वेळा?" तिने विचारले.

"तीन वेळा."

"चार, बाबा," ऋग्वेदा मराठीत म्हणाली. "ईस्टरला पण ठेवली होती."

"चार वेळा," गुरुनाथ म्हणाला.

हुइया मावशीने तळ्याकडे पाहिले. मग तिने एकेक शब्द जपून उच्चारला.

"तो तुझ्या येण्याआधीच आजारी असेल. डुकरांनी आणले असेल, माझ्या नातवांच्या बुटांनी आणले असेल. ते मला कधी कळणार नाही आणि तुलाही नाही. हे न कळणे तू वाहायचे आहेस. तुझे हे ओझे मी उतरवून घेणार नाही."

"हो."

"माझ्या ओट्यावर तू बूट काढलेस. कोणी शिकवले?"

"आईने. आमच्याकडे देवळात जातानाही पाय धुतात."

"आमच्याही सभाघरात बूट बाहेर असतात." तिने सुरीचे टोक झाडाकडे केले. "मग तिथे का नाही काढलेस?"

श्लोक गुरुनाथला पाठ होता. क्षमा तो रोज मागत होता. ज्या पायांसाठी ती मागत होता, ते पाय मात्र त्याने धुतले नव्हते. मी त्याला दोष देऊन मोकळे होऊ शकत नाही. माती वाहिली ती मीच. हळदकुंकू लावून घेताना मला बरे वाटत होते.

"तळ्यावर आता तंबू पडणार नाहीत," ती शेवटी म्हणाली. "कोणाचेच नाहीत. तुमचेही नाहीत."

कांचनने मान खाली घातली. ऋग्वेदाचे डोळे भरले, पण तिने हट्ट केला नाही.

"आमची माणसे मासे धरायला जातील, त्यांना मी अडवू शकत नाही. फाटकावर त्यांचे बूट घासायला कोणी तरी हवे. सांगून कंटाळले मी. माझे कोणी ऐकत नाही." तिने मला उचलले, पात्यावरून अंगठा फिरवला. "स्वच्छ आहे. हे राहू दे इथे."

तेव्हापासून मी येथे आहे. माझ्या खाली जंतुनाशकाचे पसरट घमेले आहे, शेजारी एक ब्रश दोरीला बांधलेला आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गुरुनाथ अल्बनीहून येतो आणि फाटकापाशी लाकडी स्टुलावर दिवसभर बसतो. ज्याला एका जागी बसवत नसे तो आता बसतो; ती स्वस्थता नव्हे, हे मला जवळून दिसते. कोणी आले की तो उठतो, 'किया ओरा' म्हणून माओरी नमस्कार करतो, मला हातात घेतो आणि समोरच्याचा बूट गुडघ्यावर टेकवून तळवा खरवडतो. काही हसतात. एकदा एक धिप्पाड मासेमार म्हणाला, "काय मित्रा, मला राजा समजलास की काय?" गुरुनाथ म्हणाला, "दुसरा पाय." हुइया मावशी दुपारी त्याला चहा आणून देते. फार बोलत नाही. कांचन कधी सोबत येते आणि ओट्यावर तिच्याशेजारी बसते. मावशी हा शब्द अजून चालतो.

आजोबा उभा आहे. शेंडा उघडा पडला आहे, खालच्या फांद्या हिरव्या आहेत. किती दिवस, ते सांगता येत नाही. वारा आला की फाटकापर्यंत पाने येतात, आणि ती हिरवी आहेत की पिवळी हे मी पाहते. मला दुसरे काही पाहवत नाही.

तुम्ही रानात जाल, तळ्याकाठी फुकटची जागा शोधाल. अवश्य शोधा. देवाने ती मुक्त ठेवली आहे. परंतु नमस्कार करण्याआधी पायांकडे पाहा. भक्तिभावाने नेलेली मातीही मातीच असते. झाडाला तुमचा भाव कळत नाही. तुमचे तळवे कळतात.

काल पहिला शनिवार होता. गुरुनाथ आला, गाडी लांब उभी केली, आणि स्टुलावर बसण्याआधी मला खांबावरून काढले. प्रथम उजवा, मग डावा, आपल्या बुटांचे तळवे त्याने पूर्ण खरवडले आणि घमेल्यात बुडवले. फाटकाच्या आत त्याला जायचे नव्हते. नऊ महिने तो आत गेलेला नाही.