माझा पंखा अजून फिरतो

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. संगणकाच्या पोटात, मागच्या कोपऱ्यात बसवलेली पत्र्याची पेटी. भिंतीतली वीज घेऊन ती मी आतल्या मंडळींना मापात वाटतो: कोणाला बारा व्होल्ट, कोणाला पाच. कौतुक होते ते पडद्याचे. माझ्याकडे बघायची वेळ आलीच, तर माणसे एवढेच बघतात की पंखा फिरतो आहे ना. त्या पंख्याच्या जोरावर मी आजवर पुष्कळ अब्रू कमावली. ती आज मी स्वतःच्या तोंडाने घालवणार आहे, कारण फार वेळ उरलेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पेटीबंद करण्याआधी तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्यावर पूर्ण ओझे टाकले, म्हणजे मला देता येईल तेवढी सगळी वीज एकदम मागितली, आणि तासभर माझा घाम काढला. मला खरेखुरे ओळखणाऱ्या त्या पहिल्या. दुसरे कोणी भेटायला अकरा वर्षे लागली.

ती वर्षे मी एका बूटवाल्याच्या कामाच्या खोलीत काढली. त्याचे बूट साधे नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड, टाच वळलेली, बोटे एकमेकांवर चढलेली, अशांचे. प्रत्येक पाय मोजून त्याचे चित्र तो संगणकात ठेवी. तीनशे बारा माणसांचे पाय एका हार्ड डिस्कमध्ये साठले. पुढे बूटवाल्याचे हात थरथरू लागले आणि नवी मापे घेणे बंद पडले. जुन्या चित्रांवरून तळवे कापायचे आणि थोरल्या मुलीने शिवायचे, असे दुकान चालू राहिले. म्हणजे डिस्क गेली की दुकान गेले. तिची दुसरी प्रत काढायची होती. ती उद्या काढायची होती.

दरम्यान माझ्या आतले दोन कपॅसिटर फुगले. वीज साठवून सारखी करणारे हे बारके डबे. त्यांच्या डोक्याला टेंगूळ आले की आमचे माप जाते. मी कधी बाराचे साडेदहा देऊ लागलो, आणि कमी पडले हे कळताच घाबरून एकदम जास्त. वरून पंखा छान गुणगुणत होता. एका दुपारी माझ्या अशाच उसळीने मदरबोर्ड मेला. सगळे म्हणाले, वय झाले होते. मी गप्प राहिलो. डिस्क केवळ नशिबाने वाचली.

मग थोरलीने नवे भाग आणले आणि नवा संगणक जोडायला घेतला. सल्ला द्यायला तिचा मामा हजर. तो रेडिओ दुरुस्त करतो आणि कुठलीही वस्तू टाकत नाही. त्याच्या घरी छत्र्यांच्या नुसत्या काड्यांचा एक खोका आहे.

“पॉवर सप्लाय नवा कशाला, बाई?” त्याने मला हातात तोलले. “वजन बघ याचं! हल्लीचे म्हणजे नुसता पत्रा.”

अशा रीतीने ज्याने पहिल्याचा जीव घेतला, त्यालाच दुसऱ्याच्या पोटात सन्मानाने बसवण्यात आले.

थोरलीने बटण दाबले. पंखा दोन फेरे फिरला आणि थांबला. पडदा काळा. पुन्हा दाबले. दोन फेरे, काळा.

तिने मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, एकेक लावून पाहिली. मदरबोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर मांडला, कुठे स्क्रू टेकत असेल म्हणून. नाण्याएवढी बॅटरी काढून परत बसवली. संशय सगळ्यांवर घेतला. निर्दोष सगळे निघाले. आणि प्रत्येक दाबाला नव्या बोर्डाला मी एक हिसका देत होतो. मी मोजत होतो. नऊ. दहा. अकरा.

“मामा, हा पॉवर सप्लाय तपासू या का?”

“याला? अगं, अख्खा संगणक गेला, हा एकटा टिकला. यातच आलं सगळं!”

तरी त्याने मला सगळ्यांपासून सोडवले, कागदाची क्लिप सरळ केली आणि माझी हिरवी तार काळीला जोडली; तेवढ्याने मी संगणकाशिवायही सुरू होतो. पंखा भिरभिरला.

“बघ. पास!”

मित्रांनो, त्या घडीला माझ्यावर काडीचे ओझे नव्हते. रिकाम्या हाताने मीसुद्धा ताठ उभा राहतो.

मला परत जोडले. एव्हाना माझे फुगलेले डबे गरम झाले होते, आणि गरम झाले की ते थोडा वेळ शहाण्यासारखे वागतात. सतराव्या दाबाला पडदा उजळला.

“आणा ती डिस्क, भावोजी!” मामा ओरडला.

बूटवाला डिस्क मऊ चामड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसला होता. तो उठला नाही.

“बिघडलं काय होतं?”

“काही का असेना. झालं ना सुरू?”

“काय होतं पण?”

“सुटलं आपोआप. रुसतं मशीन कधी कधी.”

“गिऱ्हाईक मला सांगतं, टाच टोचायची ती आपोआप थांबली,” बूटवाला म्हणाला. “मी बूट काढून घेतो आणि आत हात घालतो. खिळा असतोच. वाकलेला असतो, एवढंच. डिस्क नाही मिळायची.”

“तीनशे लोकांना चालवलंत, भावोजी, पण स्वतः एक पाऊल पुढे टाकाल तर शपथ!”

थोरली हसली नाही. तिने व्होल्ट मोजायचा मीटर आणला. संगणकाला मुद्दाम जड काम लावले आणि माझ्या बारा व्होल्टच्या पिवळ्या तारेला सुई टेकवली. बारा. अकरा. साडेदहा. मग आकडा उसळला: चौदा. तिने झटकन भिंतीवरचे बटण बंद केले आणि नाक माझ्या जाळीजवळ आणले.

“मामा, जळका वास आहे. आणि आजचा नाही.”

तिने कोपऱ्यातल्या मेलेल्या मदरबोर्डकडे पाहिले, मग माझ्याकडे. अकरा वर्षांनी मला कोणीतरी ओळखले होते.

नव्या पॉवर सप्लायवर संगणक पहिल्याच दाबाला सुरू झाला. थोरलीने आधी डिस्कच्या दोन प्रती काढल्या, मग जेवली. बूटवाल्याने थरथरत्या हाताने कागदावर ‘बाद’ लिहिले आणि बुटाच्या गोंदाने तो कागद माझ्या पाठीवर चिकटवला. तेव्हाच भंगारात गेलो असतो तर गोष्ट संपली असती. पण मामाने मला पिशवीत घातले. “असू दे माझ्याकडे.”

त्याच्या घरी खिडकीखालच्या एका खोक्यात माझ्यासारखे आणखी चौघे आहेत. खिडकीतल्या उन्हाने कागदाचा एक कोपरा सुटला, मग दुसरा. गेल्या आठवड्यात तो गळून पडला. आता आम्हा पाचांत बाद कोण, हे मामाला आठवत नाही.

आज सकाळी शेजारीण दारात आली आहे. तिच्या संगणकाचा पॉवर सप्लाय गेला. “त्यात माझ्या आईचा आवाज आहे हो,” ती म्हणते आहे. “आई गेल्यापासून तेवढाच उरलाय.”

“काळजी कशाला? आहे ना माझ्याकडे, खणखणीत!” मामाने खोक्यात हात घातला आहे. वजन बघून त्याने मलाच उचलले.

मित्रांनो, जे जपायचे त्याची दुसरी प्रत आजच काढा. निकामी वस्तू ठेवायचीच असेल, तर तिच्या तारा कापून ठेवा. आणि मला तपासाल तेव्हा ओझे टाकून तपासा.

मामाला क्लिप सापडली आहे. हिरवी तार. काळी तार.

माझा पंखा फिरू लागला आहे.